मोकळ्या समुद्रातला ओर्का माणसाला का मारत नाही?

शाहूपुरीची मृण्मयी (धागाकर्ती)

मंडळी, समुद्रात मोकळ्या फिरणाऱ्या ओर्काने, म्हणजे ज्याला ‘किलर व्हेल’ म्हणतात त्याने, माणूस मारल्याची एकही खात्रीलायक नोंद नाही. वर्गात हे सांगितलं की मुलं मान हलवतात आणि विश्वास ठेवत नाहीत. त्यांचंही बरोबर आहे. त्यांनी मोबाइलवर पाहिलेला ओर्का सीलला शेपटीने हवेत भिरकावतो, पांढऱ्या शार्कचं नेमकं यकृत काढून खातो, ऑस्ट्रेलियाजवळ तर टोळीने निळ्या देवमाशालाही मारतो. मोठा नर आठ मीटर लांब, पाच-सहा टनांचा, पाठीवरचा पर पुरुषभर उंच. त्याच्यापुढे पोहणारा माणूस म्हणजे काहीच नाही. आणि तरीही तो सोडून देतो.

अपवाद शोधायला गेलं की हाती येतात त्या घटना अशा. १९७२ साली कॅलिफोर्नियात पॉइंट सूरजवळ एका सर्फरला ओर्काने चावलं. पायाला बरेच टाके पडले, पण तो वाचला. ओर्काने एकदाच तोंड लावलं आणि लगेच सोडून निघून गेला. त्याआधीची, जानेवारी १९११ ची गोष्ट अंटार्क्टिकातली. दक्षिण ध्रुवाकडे निघालेल्या स्कॉटच्या मोहिमेचा छायाचित्रकार हर्बर्ट पाँटिंग जहाजाजवळच्या बर्फावर कॅमेरा घेऊन उभा होता. जवळच मोहिमेची कुत्री बांधलेली होती. ओर्का खालून आले आणि त्यांनी धडका देऊन बर्फ फोडायला सुरुवात केली. पाँटिंग तुकड्या-तुकड्यांवरून उड्या मारत कसाबसा निसटला. ओर्कांनी डोकी वर काढून पाहिलं आणि निघून गेले. स्कॉटने हा प्रसंग रोजनिशीत लिहून ठेवलाय. आज आपल्याला माहीत आहे की तिथले ओर्का बर्फावरच्या सीलला असंच पाण्यात पाडतात. खालून नुसती सावली दिसते, ती सीलची की माणसाची हे वर येऊन बघावं लागतं.

आता दुसरी बाजू. बंदिस्त टाक्यांमध्ये ओर्कांच्या हातून चार माणसं गेली आहेत. त्यातल्या तीन मृत्यूंशी तिलिकम नावाच्या एकाच नराचा संबंध होता. १९८३ साली आइसलंडजवळ पकडला तेव्हा तो दोनेक वर्षांचा होता. पुढचं सगळं आयुष्य काँक्रीटच्या भिंतींत गेलं.

प्राणी तोच, ताकद तीच, दात तेच. फरक जागेचा आहे आणि त्याच्याभोवती कोण आहे याचा. माझं मत असं की मोकळ्या ओर्काचं माणसाला न मारणं म्हणजे त्याच्या समाजाचा रिवाज आहे, आणि हा रिवाज त्याने आपण बरेच वाईट वागल्यानंतरही पाळला. त्यावर सविस्तर बोलू. तुमची मतं लिहा.

---

गंगावेस_गडी

ताई, लई मोठा विषय काढलासा. पण मला एक कळंना झालंय. माणसाला हात लावत नाहीत म्हणताय, मग स्पेनकडं बोटी कोण बुडवायलंय? रोज एक नवा व्हिडिओ येतोय, "ओर्कांनी माणसांविरुद्ध युद्ध पुकारलं" म्हणून.

---

शाहूपुरीची मृण्मयी

भाऊ, तो प्रश्न येणार याची खात्रीच होती.

मे २०२० पासून जिब्राल्टरची सामुद्रधुनी, पोर्तुगाल आणि स्पेनमधल्या गॅलिशियाच्या किनाऱ्यावर काही ओर्का शिडाच्या नौकांच्या मागे लागतात. त्यांचं लक्ष सुकाणूवर असतं. डोक्याने ढकलायचं, वळवायचं, मोडायचं. मोडलं की बहुतेक वेळा त्यांचा रस संपतो. अशा शेकडो घटना झाल्या आहेत. २०२२ पासून निदान चार-पाच नौका बुडाल्या. मे २०२३ मध्ये बार्बातेजवळ एक, त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर मोरोक्कोच्या किनाऱ्यावर एक, मे २०२४ मध्ये सामुद्रधुनीत आणखी एक. माणसं सगळी वाचवली गेली. लाइफराफ्टमध्ये (जीव वाचवायच्या तराफ्यात) बसलेल्या कुणाला ओर्काने छेडल्याचं माझ्या वाचनात नाही.

हा अख्खा समूह चाळिशीच्या आतबाहेर आहे, नष्ट होण्याच्या उंबरठ्यावरचा. त्यातले पंधराएक सुकाणूशी खेळतात, बहुतेक कमी वयाचे. एका मोठ्या मादीला, अभ्यासक तिला ग्लॅडिस ब्लांका म्हणतात, पूर्वी बोटीचा किंवा जाळ्याचा त्रास झाला असावा आणि तिथून हे सुरू झालं, असा एक तर्क मांडला गेला. बातम्यांनी तोच उचलला, कारण सूडाची गोष्ट विकली जाते. अभ्यासकांचा कल आता वेगळा आहे: ही पोरांमध्ये पसरलेली खेळाची लाट आहे. अशी लाट याआधीही दिसली आहे. १९८७ च्या उन्हाळ्यात सिएटलजवळच्या एका मादीने मेलेला सॅमन मासा डोक्यावर ठेवून पोहायला सुरुवात केली. काही आठवड्यांत शेजारच्या टोळ्यांतले ओर्काही तसंच करू लागले. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत ते जवळपास थांबलं.

---

पन्हाळा_पाऊस

मृण्मयी, तुमचा अभ्यास दिसतो, पण इथे मी वेगळं बोलणार.

"खेळ" म्हटलं की सगळं हलकं होतं. पाच टनांचा प्राणी मध्यरात्री तुमच्या नौकेचं सुकाणू मोडतो, तळातून पाणी येतंय, सोबत बायकापोरं आहेत, किनारा दूर आहे. त्या माणसाला हा खेळ आहे म्हणून सांगून उपयोग काय? १९७२ च्या जूनमध्ये गॅलापागोस बेटांच्या पश्चिमेला रॉबर्टसन कुटुंबाची लाकडी नौका ओर्कांच्या धडकांनी मिनिटांत बुडाली. त्यानंतर ती माणसं ३८ दिवस समुद्रावर होती. आधी राफ्टवर, तो गेल्यावर छोट्या होडीत. कासवं मारून खाल्ली, पावसाचं पाणी साठवलं. एका जपानी मासेमारी जहाजाने वाचवलं म्हणून आपल्याला ही गोष्ट कळली. ते जहाज आलं नसतं तर "एकही बळी नाही" हे तुमचं वाक्य तसंच राहिलं असतं, कारण सांगायला कुणी उरलंच नसतं. समुद्रात नाहीशा झालेल्या नौकांची नोंद कोण ठेवतो?

---

शाहूपुरीची मृण्मयी

तुमचा मुद्दा मजबूत आहे आणि मी तो टाळत नाही. नोंद नाही याचा अर्थ घडलंच नाही असा होत नाही, म्हणूनच मी "खात्रीलायक नोंद नाही" असं लिहिलं. आणि खेळ म्हणजे निरुपद्रवी असंही मी म्हणणार नाही.

पण रॉबर्टसनांचीच गोष्ट पुढे बघा. नौका गेली, सहा माणसं पाण्यात आणि राफ्टवर होती, ओर्का तिथेच होते. खायचं असतं तर अडवणारं कोण होतं? माणसाकडे भक्ष्य म्हणून पाहणारा शिकारी त्या क्षणी थांबत नाही.

याचं उत्तर त्यांच्या खाण्यात आहे असं मला वाटतं. ओर्काने काय खायचं हे आईकडून आणि आजीकडून ठरतं. तालमीत पोरगं वस्तादाच्या नजरेखाली डाव शिकतं, बाहेरचे डाव खेळत नाही, तसंच हे. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर दोन समाज एकाच पाण्यात राहतात. एक फक्त मासे खातो, त्यातही सॅमन. दुसरा सील, समुद्रसिंह, पॉरपॉइज (डॉल्फिनसारखा छोटा प्राणी) खातो. दोघांत सोयरीक नाही, बोली वेगळ्या. मार्च १९७० मध्ये व्हँकुव्हर बेटाच्या टोकाशी सस्तन प्राणी खाणारे काही ओर्का जाळ्यात पकडले गेले. पकडणाऱ्यांना हा फरक ठाऊक नव्हता. त्यांनी मासे टाकले. ओर्कांनी ते अडीच महिने तोंडात घेतले नाहीत. एक मादी उपाशी मेली, तेव्हा कुठे बाकीच्यांनी मासा खाल्ला. उपाशी मरण्यापर्यंत जो प्राणी आपल्या समाजाचा आहार सोडत नाही, त्याच्या यादीत माणूस कधी आलाच नाही, एवढं साधं कारण असू शकतं.

---

बावड्याची_आदिती

माहेर कसबा बावडा, सध्या मुक्काम सिएटल. हा धागा बघून राहवेना.

इथून जवळ सॅन हुआन बेटावर लाइम किल्न पॉइंट नावाची जागा आहे. खडकावर उभं राहायचं आणि वाट बघायची. ओर्का कधी कधी काठाच्या इतक्या जवळून जातात की श्वासाचा फवारा ऐकू येतो. पाण्याखाली मायक्रोफोन बसवलेत, त्यांची बोलीही ऐकता येते. मी आईला घेऊन गेले होते. एक मादी पिल्लासह काठाने गेली. आई काही बोलली नाही, तिने नुसते हात जोडले.

पण इथल्या माणसांनी जे केलंय ते वाचलं की अंगावर काटा येतो. १९६० च्या सुमारास सीमोर नॅरोज या अरुंद सामुद्रधुनीजवळ कॅनडा सरकारने ओर्कांवर झाडायला मशीनगन बसवली होती. सॅमन खातात म्हणून. ती प्रत्यक्षात चालवली गेली नाही, पण मच्छीमार बंदुकीने गोळ्या घालतच होते. १९६४ मध्ये व्हँकुव्हरच्या मत्स्यालयाला पुतळ्यासाठी नमुना हवा होता, म्हणून एका ओर्काला भाला मारला. तो मेला नाही. सोबतच्या दोघा ओर्कांनी त्याला श्वास घेता यावा म्हणून पाण्यावर उचलून धरलं. त्याला भाल्याच्या दोरीनेच ओढत शहरात आणलं. जेमतेम तीन महिने जगला. तेवढ्यात लोकांनी पाहिलं की हा राक्षस शांत आहे, हातातून मासा घेतो. भीती गेली, आणि तिची जागा हव्यासाने घेतली. प्रत्येक मत्स्यालयाला ओर्का हवा झाला.

८ ऑगस्ट १९७० ला इथल्या पेन कोव्हमध्ये विमानं, वेगवान बोटी आणि स्फोटकं वापरून ऐंशीच्या आसपास ओर्का खाडीत कोंडले. पिल्लं वेगळी काढली. सात विकली गेली. पाच ओर्का मेले, त्यात चार पिल्लं. मेलेल्यांची पोटं फाडून दगड भरून बुडवली, लोकांना कळू नये म्हणून. नोव्हेंबरात ती किनाऱ्याला लागली. विकलेल्यांतली शेवटची, तोकिताए, ऑगस्ट २०२३ मध्ये मायामीच्या टाकीत गेली.

आता मृण्मयीताईंच्या मुद्द्यावर येते. पिल्लं जाळ्यात होती तेव्हा बाकीचे ओर्का लांब पळून गेले नाहीत. जाळ्याबाहेर घुटमळत राहिले, हाका मारत राहिले. पाण्यात माणसं उतरून पिल्लांना दोर लावत होती. त्या माणसांपैकी एकालाही त्यांनी मारलं नाही.

---

गंगावेस_गडी

आदितीताई, हे वाचून जेवण जाईना झालं. पोटात दगड भरून बुडवली? माणूस म्हणवून घ्यायची लाज वाटावी असं हाय हे.

---

निवृत्त_गुरुजी_उद्यमनगर

मुलांनो, धागा सकाळपासून वाचतो आहे. एक वेगळा अध्याय जोडतो.

ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्समध्ये ईडन गाव आहे, टूफोल्ड उपसागराच्या काठी. तिथले मूळ निवासी, युइन लोक, ओर्कांना आपल्या पूर्वजांचं रूप मानत. गोरे लोक देवमासे मारायला आले तेव्हा त्यांच्या होड्यांवर वल्ही मारायला हेच लोक होते, आणि शिकारीची पद्धतही तिथूनच आली. ओर्का हिवाळ्यात मोठ्या देवमाशाला उपसागरात कोंडत. मग त्यांच्यातला एक नदीच्या तोंडाशी येऊन शेपूट आपटून डेव्हिडसन कुटुंबाच्या माणसांना जागं करी. होड्या निघत, भाला मारला जाई. मेलेला देवमासा रात्रभर तसाच ठेवत. जीभ आणि ओठ ओर्कांनी खायचे, चरबी आणि हाडं माणसांनी घ्यायची. हा करार पिढ्यान्‌पिढ्या पाळला गेला. त्यातला प्रसिद्ध नर ओल्ड टॉम. सप्टेंबर १९३० मध्ये तो मेलेला सापडला. त्याचा सांगाडा आजही ईडनच्या संग्रहालयात आहे. खालचे दात झिजलेले दिसतात. दोर दातात धरून तो होडी ओढायचा म्हणून ते झिजले, असं तिथले लोक सांगतात. त्याच्या डीएनएचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या टोळीचा वंश आता बहुधा उरलेला नाही.

आपल्या कोल्हापुरात याच्याशी ताडून पाहावं असं काही होतं. संस्थानच्या काळात शिकवलेले चित्ते काळवीट मारायला नेत. चित्त्यांना सांभाळणारी चित्तेवान मंडळी होती, त्यांचं कसब नावाजलेलं होतं. डोळ्यांवर टोपी, गाडीत बसवून माळावर न्यायचं, टोपी काढायची. चित्ताही माणसासोबत शिकार करी आणि त्याला त्याचा वाटा मिळे. पण रात्री तो साखळीला असे. ओल्ड टॉमला साखळी नव्हती. तो स्वतःहून बोलवायला येत होता. आज ओर्का ईडनला तसे येत नाहीत, आणि आपल्या माळावरून चित्ताही गेला. दोन्हीकडे जबाबदार आपणच.

---

दाजीपूरवेडा

गुरुजी, नमस्कार. तुम्ही चित्त्याचं काढलंत, मी गव्याचं काढतो, कारण कोल्हापुरात बसून हा विषय फक्त परदेशाचा म्हणून वाचणं मला जमत नाही.

राधानगरी-दाजीपुरात गवा समोर आला की तो थांबतो, नाक वर करून वास घेतो, मान वळवून बघतो. तुम्ही स्थिर राहिलात तर तो आपल्या वाटेने जातो. तोच गवा डिसेंबर २०२१ मध्ये पंचगंगेच्या बाजूने शहरालगत आला तेव्हा काय झालं ते आपण पाहिलंय. शेकडो माणसं मागे, हातात मोबाइल, ओरडा, शिट्ट्या. त्यात एका तरुणाचा जीव गेला. त्याआधीच्या डिसेंबरात पुण्यात कोथरूडला आलेला गवा तर पळवून पळवून, दमवून मेला. प्राण्याला माघारी जायला वाट ठेवली नाही की रिवाज मोडतो. टाकीतल्या तिलिकमला वाट नव्हतीच.

---

पन्हाळा_पाऊस

दाजीपूरवेडा, हे पटलं. माझा विरोध "ओर्का आपले मित्र आहेत" या भावनेला आहे. गव्याला कुणी मित्र म्हणत नाही, त्यामुळे निदान अंतर तरी ठेवायचं सुचतं. व्हिडिओत लोक ओर्काला मिठी मारायला निघालेले दिसतात.

---

शाहूपुरीची मृण्मयी

पन्हाळा_पाऊस, इथे आपलं एकमत आहे. पण एक अभ्यास मला फार विचारात पाडतो, तो सांगते.

२०२५ च्या मध्यात एक शोधनिबंध आला. जेरेड टॉवर्स, न्यूझीलंडच्या इंग्रिड व्हिसर आणि व्हेनेसा प्रिगोलिनी यांचा. २००४ ते २०२४ या काळात ओर्कांनी माणसासमोर आपली शिकार आणून ठेवल्याच्या ३४ घटना त्यांनी गोळा केल्या. ११ वेळा माणूस पाण्यात होता, २१ वेळा बोटीवर, दोनदा काठावर. मासा, पक्षी, सीलचा तुकडा, जे हाती असेल ते समोर सोडायचं आणि थांबून बघायचं, हा काय करतो. माणसाने घेतलं नाही तर बहुतेक वेळा परत उचलायचं. काही जण पुन्हा पुन्हा देऊन बघत. आपसात वाटून खाणाऱ्या प्राण्याने तोच व्यवहार दुसऱ्या जातीशी करून पाहावा, हे मला आश्चर्याचं वाटतं. यात कुतूहल असेल, खेळ असेल, आपली परीक्षाही असेल. संशोधक मात्र बजावतात की घ्यायला हात पुढे करू नका, कारण सवय लागली की दोघांचंही नुकसान.

ते नुकसान कसं होतं ते लूनाने दाखवलं. २००१ मध्ये दोनेक वर्षांचा हा ओर्का कळपापासून तुटून व्हँकुव्हर बेटाच्या नूटका साउंडमध्ये एकटा राहिला. ओर्काला एकटं राहता येत नाही. तो बोटींशी लगट करू लागला, अंग घासायचा, माणसांच्या डोळ्यांत बघायचा. तिथल्या मोवाचाट-मुचालाट लोकांना वाटलं, आपला दिवंगत सरदारच परत आलाय. सरकारने त्याला पकडून कळपाकडे न्यायचं ठरवलं, तेव्हा ते होड्या वल्हवत, गाणी म्हणत त्याला दूर घेऊन गेले. कुणी त्याला गोंजारलं, कुणी वैतागून गोळी घालायची भाषा केली. मार्च २००६ मध्ये तो एका टगबोटीच्या पंख्यात सापडून मेला. तो माणसाच्या जवळ यायला शिकला होता, पंख्यापासून लांब राहायला त्याला शिकवणारं कुणी नव्हतं.

याउलट स्प्रिंगर. हीसुद्धा अनाथ, सिएटलजवळ सापडलेली. २००२ मध्ये माणसांशी तिचा संबंध शक्य तितका कमी ठेवून तिला जॉनस्टन सामुद्रधुनीत नेऊन सोडलं, नातेवाइकांची टोळी जवळ आली तेव्हा. तिला त्यांनी सामावून घेतलं. आज ती स्वतः आई आहे.

---

देवबागचा_दिनू

माझं मूळ गाव देवबाग, नोकरीनिमित्त कोल्हापुरात. आमच्या समुद्रात ओर्का क्वचितच. अरबी समुद्रात, लक्षद्वीप-श्रीलंकेकडे अधूनमधून दिसल्याच्या नोंदी आहेत. आमच्याकडे हमखास दिसतात ते कुबडवाले डॉल्फिन. पण हे सगळं वाचताना मला आमच्याच बोटी आठवत होत्या.

कोल्हापूरची माणसं सुट्टीला तारकर्ली-मालवणला येतात, ती डॉल्फिन बघायला. एक पर वर दिसला की पाच-सहा बोटी एकदम इंजिन ताणून तिकडे. बोटीतले ओरडतात, "जवळ घे, अजून जवळ!" बोटवाल्याला माहीत असतं की इंजिन बंद करून थांबलं तर डॉल्फिन आपणहून जवळून जातात. पण गिऱ्हाईक थांबायला तयार नसतं, आणि त्याचं पोट त्यावर आहे. वन्यजीव कायद्यात हे प्राणी वाघाच्या बरोबरीने पहिल्या परिशिष्टात आहेत. वाघामागे अशी गाडी पळवली तर काय होईल?

---

बावड्याची_आदिती

दिनूदादा, इथे स्थानिक सॅमनखाऊ ओर्कांपासून बोटीने हजार यार्ड लांब राहायचा नियम जानेवारी २०२५ पासून लागू झालाय. ते जेमतेम पाऊणशे उरलेत. बोटींच्या आवाजात त्यांना सॅमन शोधणं जड जातं. त्यांच्यातलीच एक मादी २०१८ मध्ये मेलेलं पिल्लू १७ दिवस डोक्यावर घेऊन फिरली होती. सुरुवातीला बोटवाल्यांनी धंदा बुडाला म्हणून बरीच ओरड केली. पण खडकावरून बघणारे आम्ही, आम्हाला काही कमी पडलं नाही.

---

राजारामपुरीची_वीणा

सगळे जाणते आहात म्हणून विचारते. माझा मुलगा नोव्हेंबरात नॉर्वेला जाणार आहे, तिथे हेरिंग मासे खायला ओर्का जमतात आणि त्यांच्यासोबत पाण्यात उतरवतात म्हणे. धागा वाचून भीती जास्त वाटावी की कमी, तेच कळत नाही.

---

शाहूपुरीची मृण्मयी

वीणाताई, ओर्काची भीती नको. खरी भीती थंड पाण्याची, बोटींच्या पंख्यांची आणि गर्दीची. शिवाय त्याच हेरिंगवर तुटून पडणारे मोठे कुबडे देवमासे तोंड उघडून खालून वर येतात, त्यांच्या वाटेत माणूस आला तर धोका आहे. मुलाला एवढं विचारायला सांगा: आयोजक ओर्कांच्या पुढ्यात, वाटेवर बोट आडवी घालून माणसं टाकतो का? टाकत असेल तर त्याच्याकडे जाऊ नये. जो लांब थांबतो आणि ओर्का निघून गेले तर जाऊ देतो, त्याच्यासोबत जावं. बोटीवरूनच बघितलं तर सगळ्यात उत्तम.

आणि पन्हाळा_पाऊस, तुमच्या नौकेवरच्या माणसासाठीसुद्धा: जिब्राल्टरकडे आता सल्ला असा आहे की ओर्का सुकाणूला लागले तर थांबू नका, इंजिन चालू ठेवून उथळ पाण्याकडे, किनाऱ्याकडे निघा, आणि माणसांनी काठापासून आत राहा. आधी उलट सांगत होते, बोट थांबवा म्हणून. अनुभवाने सल्ला बदलला.

---

पन्हाळा_पाऊस

हे उपयोगाचं आहे. धन्यवाद.

---

गंगावेस_गडी

दिनूदादा, मे महिन्यात आम्ही तालमीची पोरं मालवणला येणार हाय. इंजिन बंद करून थांबणारा बोटवाला सांग. दोन पैसे जास्ती गेले तरी चालतील. पोरांना मी आधीच सांगून ठेवतो, आरडाओरडा करायचा नाही.

---

देवबागचा_दिनू

माझा चुलतभाऊच आहे. निरोप करतो. सकाळी सातला या, वारा सुटायच्या आत.